सारसाचे घरटे आणि पहिले शील

पक्षी बघत हिंडणे हा पैसेवाल्यांचा नाद, अशी आपल्या वस्त्यांतून समजूत आहे. रजेचा दिवस आणि एस.टी.चे भाडे त्यापायी घालवणाऱ्या आम्हाला टोमणेही पुष्कळ मिळतात. तरी पावसाळ्यात आम्ही सारस पाहायला गोंदिया जिल्ह्यात गेलोच.

महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे, तोही मोजकाच. राखी अंगाचा, लाल डोक्याचा हा पाणथळीतला पक्षी जवळजवळ ६ फूट उंच भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच तोच.

एका गावाबाहेर, धुऱ्यावरून आम्हाला जोडी दिसली. पाणी भरलेल्या धानाच्या बांधीत गवतकाड्यांचा ढीग रचलेला. त्यावर एक बसलेला, दुसरा पहाऱ्याला उभा. मादी बहुधा २ अंडी घालते आणि नर-मादी दोघेही आळीपाळीने महिनाभर ती उबवतात. आम्ही लांबच थांबलो; माणूस जवळ गेला की पाखरू घरटे सोडून उठते.

बांधीचा मालक अल्पभूधारक. तो म्हणाला, "अंड्यायपाशी जाऊ नोका म्हून पोरायले सांगून ठेवलं. घरट्यापायी थोडा धान जाते, जाऊ द्या. पण त्याची भरपाई कोन देते?"

या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे पहिले शील आपण विहारात हात जोडून म्हणतो. हा शेतकरी ते स्वतःच्या पिकाची झीज सोसून पाळतो. सारस मरतो तो कीटकनाशकांनी, विजेच्या तारांनी आणि पाणथळी बुजल्यामुळे. यातले एकही या गरिबाच्या एकट्याच्या हातात नाही. करुणा त्याने करायची आणि शोभा साऱ्यांनी पाहायची, हा न्याय नव्हे.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सत्याग्रह केला, त्या तळ्यावर गुराढोरांना मोकळीक होती आणि माणसाला मज्जाव होता. म्हणून पाखराची बाजू घेताना आपण माणसाला विसरता कामा नये. सारसाला बांधी हवी आणि बांधीवाल्याला त्याच्या धानाचे मोल हवे. दोन्ही मागण्या एकाच अर्जात लिहाव्यात.

आणि बंधुभगिनींनो, जमेल तेव्हा मुलांना घेऊन एखाद्या तळ्याच्या पाळीवर जा. सारस नसला तर बगळा दिसेल. गलका न करता, लांबून पाहायला शिकवा. शीलाचा तोही एक पाठच आहे.