पुढची पिशवी

नवशिका सायकलस्वार आणि पटाईत जोडीदार एकाच रस्त्याला लागले, तरी दोघांच्या वाटेला वेगवेगळा रस्ता येतो. पुढच्याला कपाशीची शेतं दिसतात, समोरून येणारा केळीचा ट्रक लांबूनच कळतो. मागच्याला पुढच्याची पाठ दिसते. अमळनेरला चाळिशीत सायकल शिकलेल्या एका बाईला धुळ्याच्या रस्त्यावरचं एकही गाव नीट सांगता येत नाही. नणंदेच्या कॅरिअरला अडकवलेली कापडी पिशवी मात्र तिला बंदांसकट आठवते. पिशवी कोणत्या पायडलला डावीकडे झुलायची आणि कोणत्या पायडलला उजवीकडे, हेही ती सांगेल.

पहिली अडचण तोलाची. सायकल हळू चालली की जास्त डुलते. तोल सावरण्यासाठी हँडल पडत्या बाजूला किंचित वळवावं लागतं आणि चाकं पुन्हा अंगाखाली आणावी लागतात. वेग असला तर हँडलची जराशी हालचाल पुरते. वेग नसला की तेच हँडल भलतंच वळवावं लागतं. भीतीने नवशिका वेग कमी करतो, त्यामुळे सायकल अधिक डुलते आणि भीती वाढते. फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळेच सायकल उभी राहते, असं बरीच वर्षं सांगितलं जाई. २०११ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी हा गुण काढून टाकलेली सायकल बनवली. माणसाशिवाय ढकलून दिली, तरी ती तोल सांभाळत गेली. सायकलला पडायचं नसतं, हे त्यातून बऱ्यापैकी सिद्ध झालं. वर बसलेल्या माणसाला ते पटवणं ही निराळी गोष्ट.

“वहिनी, मन्हा मांगे ये,” एवढ्या सूचनेवर अशी शिकवणी सुरू होते. पटाईत माणसाला याहून जास्त सांगण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही. ब्रेक कधी दाबायचा, हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं, तोंडाला नसतं. पुढचा ब्रेक दाबला तर सायकल उलटते, असं नवशिक्याने कुठेतरी ऐकलेलं असतं, म्हणून तो फक्त मागचा दाबतो. वास्तविक थांबण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. तो एकदम न आवळता मागच्याबरोबर दाबत न्यायचा असतो. नजरेचंही तसंच. खड्ड्याकडे बघितलं की सायकल खड्ड्यातच जाते. पिशवीकडे बघत राहिलं की पिशवी जिथे गेली तिथे जाते, आणि पिशवी नेहमी खड्डा चुकवून गेलेली असते. शिकवणीचा हा भाग विनासायास पार पडतो.

दुसरी अडचण अंतराची, आणि खानदेशात तिच्यात वारा मिसळतो. अमळनेरहून धुळं नैर्ऋत्येला. उन्हाळ्यात दुपार कलली की वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणजे तोंडावर. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १५ किलोमीटरने चालणाऱ्या सायकलला समोरून तेवढ्याच वेगाचा वारा लागला, तर विरोध चौपट होतो. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिलं तर यातला बराच भार हलका होतो. शर्यतीतले लोक याच आडोशावर तासन् तास काढतात. पण हातभर अंतरावर राहायला पुढच्यावर विश्वास लागतो आणि स्वतःच्या ब्रेकवर त्याहून जास्त. नवशिक्यापाशी दोन्ही नसतं. तो चार सायकली मावतील एवढा मागे राहतो आणि सगळा वारा अंगावर घेतो. आडोशाची ज्याला खरी गरज, त्यालाच तो परवडत नाही.

मग पुढचा थांबतो, आणि इथे एक जुना राग नोंदवावा लागतो. पुढचा निंबाखाली सायकल स्टँडवर लावतो, पाणी पितो, घाम पुसतो, फोनही करतो. मागचा धापा टाकत पोचला की तो म्हणतो, “आलीस? चल.” विसावा सगळा त्याचा होतो, जो आधीच दमलेला नव्हता. मागचा पोचल्यावर आणखी पाच मिनिटं थांबायला पुढच्याचं काही जात नाही. हे चालणाऱ्यांना, डोंगर चढणाऱ्यांना, बाजारातून सामान घेऊन येणाऱ्या नवरा-बायकोंनाही लागू आहे.

या देशात सायकलचा पसारा वाढला, तोही शिकवणीच्या आधारानेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. नांगर आणि किर्लोस्करवाडी ही नंतरची गोष्ट. त्या काळी सायकल विकायची म्हणजे गिऱ्हाईकाला ती चालवायलाही शिकवावं लागे. पुढे १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेला निघाले. १९२८ साली परतले तेव्हा प्रदक्षिणा पुरी करणारे तिघेच होते: आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा. त्यांच्या पराक्रमाची वर्णनं सापडतात. त्या सहांत सर्वांत हळू कोण होता आणि त्याच्यासाठी कोण थांबलं, हे कुणी विचारत नाही. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी २०१५ साली अमेरिकेतली किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांचा संघ म्हणून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. त्या प्रकारात एक चालवतो तेव्हा दुसरा विश्रांती घेऊ शकतो. कोण पुढे, कोण मागे, हा तंटा तिथे आपोआप मिटतो.

लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे सफरींनी वेगळी तोड काढली आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ किलोमीटरची सरासरीही लागत नाही. शिवाय वाटेतली तपासणी-ठाणी ठरलेल्या वेळेआधी उघडत नाहीत, म्हणून फार लवकर पोचणाऱ्याला तिथे नुसतं बसून राहावं लागतं. वेगवान माणसाला नियमाने थांबवणारी ही एवढीच व्यवस्था असावी, आणि ती करणाऱ्यांना कुणीतरी कधीतरी निंबाखालून लगेच हाकललेलं असणार.

अमळनेरच्या शिवारात हे काम बाभळीचा काटा करतो. पंक्चर वेग बघून होत नाही. दुकानदार टायर उचकटतो, ट्यूब घमेल्यातल्या पाण्यातून फिरवतो, बुडबुडे निघाले तिथे खूण करतो, ट्यूब घासतो, सोल्युशन लावतो आणि ते सुकेपर्यंत दोघांनाही बाकावर बसवतो. नव्या दुचाक्यांचे टायर ट्यूबलेस झाले, तसा सोल्युशनचा वास दुकानांतून कमी झाला. तो अवचित आला की त्या बाईला पुन्हा पिशवीच आठवते. बाकावर मात्र ती पिशवी मांडीवर उघडी असायची. आत भाकरी, ठेचा आणि एक जुनी जोडचावी. जन्मात नणंद-भावजयींचं जे बोलणं झालं नव्हतं, ते त्या बाकावर झालं. ते कशाबद्दल होतं, हे ती सांगत नाही.

राहिला प्रश्न पुढे कोणी चालायचं याचा. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर शाळेत जाणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुली तो न शिकवता सोडवतात: घोळक्याचा वेग सर्वांत हळू चालणारीचा. दोघांच्या जोडीत वाऱ्याचा हिशेब करावा लागतो. वारा तोंडावर असेल तर पटाईताने पुढे राहावं, पण मागच्याचं पायडल ऐकू येईल इतक्याच वेगाने. वारा पाठीशी असेल, म्हणजे धुळ्याहून परतताना, नवशिक्याला पुढे घालावं. तेव्हा आडोशाची गरज उरत नाही आणि वेग तोच ठरवतो. पटाईताने मागून येणाऱ्या गाड्यांची वर्दी ओरडून द्यावी. कपाशीच्या हंगामात हेही पुरत नाही. ट्रॉलीवर लादलेला कापूस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला असतो आणि ट्रॅक्टरवाल्याला मागचं काही दिसत नाही. तेव्हा दोघांनीही उतरून साइडपट्टीच्या खाली उभं राहावं.