काल अशी नव्हती

खुब्याच्या ऑपरेशननंतरची तिसरी रात्र होती. आजी चादरीवरून न दिसणारं काहीतरी वेचत होत्या आणि सलाइनच्या स्टँडकडे बघून कुणाला तरी सांगत होत्या, "म्हशीला सोड रे, तहानली असेल." मनोविकारतज्ज्ञ म्हणून मला बोलावणं आलं होतं. दाराशी मुलगा उभा होता. हळूच म्हणाला, "डॉक्टर, आईला वेड लागलं का हो? काल अशी नव्हती."

त्याच्या पहिल्या शंकेत तथ्य नव्हतं. निदान दुसऱ्या वाक्यात होतं.

चेतनेच्या बदललेल्या अवस्था म्हटलं की लोकांना समाधी, संमोहन, अंगात येणं आठवतं. त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं जातं. रुग्णालयात रोज भेटणाऱ्या या अवस्थेबद्दल मात्र घरोघरी काहीच ठाऊक नसतं. आम्ही तिला डिलिरियम म्हणतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नांगराचा तास सोडून भरकटणं. आपल्याकडची जुनी माणसं 'वात झालाय' म्हणायची.

जागं असणं वेगळं आणि भानावर असणं वेगळं. जागेपणाची यंत्रणा मेंदूच्या देठात असते. 1949 मध्ये मोरुझ्झी आणि मॅगून यांनी गुंगीतल्या मांजरांच्या मेंदूत नेमकी ती जागा उद्दीपित केली, तेव्हा मेंदूच्या लहरी जागेपणीच्या झाल्या. पण डोळे उघडे असले तरी एका गोष्टीवर लक्ष धरून ठेवायला सगळ्या मेंदूला नीट काम करावं लागतं. डिलिरियममध्ये आधी तेच सुटतं.

म्हणून मी आजींना उलटे वार म्हणायला सांगितले. "रविवार, शनिवार... शनिवारी बाजार असतो ना?" आणि त्या बाजारात निघून गेल्या.

रक्तातलं सोडियम 118 आलं. ते 135 च्या वर हवं. रक्तदाबासाठी चालू असलेली, लघवी वाढवणारी गोळी त्याच्या मुळाशी होती. गोळी थांबवली, सोडियम सावकाश वाढवलं. ते घाईनं वाढवलं तर मेंदूलाच इजा होते. सहाव्या दिवशी आजींनी सगळे वार उलटे म्हणून दाखवले. म्हशीचं त्यांना काही आठवत नव्हतं.

कारणं अनेक असतात: लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, तुंबलेली लघवी, झोपेची किंवा सर्दीची गोळी. रोज दारू पिणारा माणूस ॲडमिट झाला की त्याची दारू एकदम तुटते आणि दोन-तीन दिवसांत तो थरथरत, अंगावर नसलेले किडे झटकू लागतो. त्यात जीवही जाऊ शकतो. आणि ही अवस्था दिवसभर सारखी नसते. सकाळच्या राउंडला पेशंट नीट बोलतो, रात्री घरच्यांना ओळखत नाही. ते पाहिलेलं असतं रात्रपाळीच्या सिस्टरनं आणि उशाशी बसलेल्या सुनेनं. मी आधी त्यांना विचारतो.

मला खरी काळजी आरडाओरडा करणाऱ्यांची वाटत नाही, त्यांच्यासाठी कुणीतरी धावतंच. गप्प पडून राहणारे, हाक मारली तर उशिरा डोळे उघडणारे, 'आज शांत आहेत' म्हणून सोडून दिलेले, तेच निसटतात.

यातलं बरंच टाळता येतं, तेही औषधांशिवाय. शॅरन इनॉय यांनी 1999 मध्ये अमेरिकेत 70 वर्षांवरच्या 852 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांना वेळ-ठिकाण सांगत राहणं, रात्री झोपू देणं, लवकर चालवणं, पाणी पाजणं, चष्मा आणि श्रवणयंत्र देणं एवढंच केलं, तर डिलिरियमचं प्रमाण 15 टक्क्यांवरून 9.9 टक्क्यांवर आलं. आपल्याकडे मात्र ॲडमिट करताना चष्मा 'हरवेल' म्हणून घरी ठेवतात.

तो सोबत न्या. कानातलं यंत्र न्या. आणि घरातलं वयस्कर माणूस एका दिवसात बदललं, तर म्हातारपण म्हणून सोडू नका, सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा आणि कालपर्यंत ते कसं होतं, हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा.