पट्टी सुटली की पकडायची

नातवाने शाळेतून एक खेळ आणला. ३० सेंटिमीटरची पट्टी तो वर धरणार, खाली शून्याच्या खुणेपाशी माझी दोन बोटं उघडी. तो न सांगता पट्टी सोडणार, मी चिमटीत पकडायची. दहा वेळा खेळलो. माझी पट्टी बहुतेक वेळा २० सेंटिमीटरच्या आसपास सापडली, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागात. त्याच्या बाबाची मात्र ताडकन फरशीवर! बाबा एकोणचाळीसचा, दिवसभर लॅपटॉपसमोर. मी सदुसष्टची.

"आजी, तू चिटिंग करतेस," असा निकाल लागला.

चिटिंग वगैरे काही नाही. शुगरचा रिपोर्ट वाईट आला तेव्हापासून, म्हणजे वीस वर्षं, मी रोज पर्वती चढते. १०३ पायऱ्या. पहिल्या महिन्यात तीनदा बसायची, आणि दम लागल्याचं कळू नये म्हणून चपलेचा पट्टा नीट करत असल्याचं नाटक करायची.

सून फिजिओथेरपिस्ट आहे. तिने सांगितलं की १९७५ मध्ये वानीन स्पिर्दुसो या अमेरिकन संशोधिकेने नेमकं हेच मोजलं होतं. वर्षानुवर्षं रॅकेटचे खेळ खेळणारे साठीतले पुरुष बैठ्या समवयस्कांपेक्षा खूपच चपळ निघाले, जवळपास विशीतल्या बैठ्या तरुणांइतके. पुढे २०११ च्या एका प्रयोगात १२० ज्येष्ठांपैकी निम्म्यांना वर्षभर भरभर चालायला लावलं. त्यांच्या मेंदूतला स्मरणशक्तीशी निगडित हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा आक्रसला. व्यायामाने मेंदूत बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं, झाडाला शेणखत घालावं तसं, असं तिचं म्हणणं.

स्मरणशक्तीचं माझ्याबाबतीत फारसं खरं नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंचं नाव मी आजही विसरले. पण गेल्या श्रावणात उतरताना शेवाळावरून पाय सटकला, आणि घसरले हे कळायच्या आत हात कठड्यावर होता. मागून येणारे काका म्हणाले, "वहिनी, मला वाटलं गेलात!" मलाही तसंच वाटायला हवं होतं, पण तेवढा वेळच मिळाला नाही.

फरशीवर पडलेली पट्टी मुलाला लागली असावी. दोन महिन्यांपासून तोही येतो. साठाव्या पायरीपर्यंत आता न थांबता चढतो, मग चपलेचा पट्टा नीट करतो. त्याची पट्टी अजून २६ वर आहे.