कलम बाराचं देणं

उधारी वहीत लिहून ठेवता येते. माझ्यावरचं सगळ्यात मोठं देणं मात्र अशा माणसांचं आहे, ज्यांनी माझ्याकडून एक रुपया घेतला नाही आणि नियमाने त्यांना घेताही आला नसता.

माझं माहेर नांदेड, सासर लातूर. २०२३च्या उन्हाळ्यात लातूरच्या कौटुंबिक न्यायालयाची नोटीस माहेरी आली. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९, म्हणजे बायकोने नांदायला परत यावं म्हणून नवऱ्याचा अर्ज. ज्या घरातून लेकरासकट नेसत्या साडीनिशी बाहेर काढलं, तेच घर आता कोर्टामार्फत बोलावत होतं. पोटगी टाळायला ही वाट बरेच जण धरतात, हे पुढे कळलं. (नांदायला जाण्याचा हुकूम पाळला नाही, एवढ्याच कारणावरून पोटगी नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये सांगितलं. माझ्या वेळी ते कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं.)

ओळखीच्या एका वकिलाने फी सांगितली. वडील काही बोलले नाहीत. घरी आल्यावर सोयाबीनचा भाव तेवढा विचारला.

आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "कशाला घाबरायलीस? कोर्टात विधी सेवा प्राधिकरण हाय. बायांना वकील फुकट देतेत." त्या एकदा कायदेविषयक शिबिराला जाऊन आल्या होत्या, एवढंच त्यांचं शिक्षण. पण त्या वेळी तेवढं माहीत असणारं दुसरं कुणी आमच्या ओळखीत नव्हतं.

वडील उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे जायच्या तयारीत होते. प्राधिकरणाच्या टेबलावरच्या बाईंनी त्यांना थांबवलं. "काका, बाईला दाखला लागत नाही." १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ त्यांनी समोर ठेवलं. स्त्रीला उत्पन्नाची अट नाहीच. मग कोरा कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "अर्ज तुमच्याच अक्षरात लिहा, मी सांगते." कितीतरी महिन्यांनी मी सहीपलीकडे काही लिहीत होते.

फुकटचा वकील केस बुडवतो, असं मावशीपासून मामापर्यंत सगळ्यांनी बजावलं होतं. मला मिळालेल्या वकीलताईंनी 'का सोडलंस' हे विचारलंच नाही. लग्नाचा फोटो, पत्रिका, मुलाचा जन्मदाखला, दवाखान्याची चिठ्ठी मागितली. नांदेडला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५खाली पोटगीचा अर्ज टाकला (आता नव्या संहितेत ते १४४ झालंय). मी स्टँपाचे पैसे विचारले, तर त्यांनी १ ऑक्टोबर १९९४ची शासनाची अधिसूचना दाखवली. पोटगी आणि घटस्फोटाच्या दाव्यात महाराष्ट्रातल्या बाईला कोर्ट फी माफ आहे. पोटगी न मिळाल्याने बाई हतबल होते हे तर मला कळतच होतं. फी माफ असूनही ती भरायला निघालेल्या बायका किती असतील, हा प्रश्न तेव्हा पडला.

लातूरचा दावा नांदेडला आणायचा तर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जावं लागतं. तिथे उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीने दुसरा वकील दिला. त्यांचा चेहरा मी आजवर पाहिलेला नाही. बदलीचा आदेश होईपर्यंत लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने लातूर गाठायचं, मांडीवर लेकरू. त्याच वर्षी १७ मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं होतं. ज्यांना ही सवलत निवडणुकीची खिरापत वाटते, त्यांनी तारखेला जाणाऱ्या बाईशेजारी एकदा बसून बघावं.

खरी गंमत पोटगीच्या उत्तरात. कलम ९च्या अर्जात बायकोला सुखात ठेवायला समर्थ असलेला माणूस इथे बेरोजगार झाला होता. वकीलताईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि हसल्या. मग २०२०च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' निकालाप्रमाणे मालमत्तेचं आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र मागितलं. बँकेचा उतारा आल्यावर बेरोजगारी संपली आणि अंतरिम पोटगी सुरू झाली.

कौटुंबिक न्यायालयाच्या समुपदेशक बाईंनी मला एकटीला बसवून एकच विचारलं, "तुला काय पाहिजे?" आईनेसुद्धा हे विचारलं नव्हतं, ती बिचारी लोक काय म्हणतील याच घोरात. शेवटी दोघांच्या संमतीने, कलम १३ब खाली, घटस्फोट झाला. हुकूमनाम्याची एक प्रत कोर्ट फुकट देतं, तीही ताईंनी आठवणीने मागून घ्यायला लावली. मी साडी घेऊन गेले तर घेतली नाही; पेढ्यातला अर्धा मोडून घेतला आणि पुढच्या बाईची फाईल उघडली.

आता शिबिर असलं की अंगणवाडीच्या ताईंबरोबर मीही जाते, अर्ज लिहून देते. परवा कंधारकडची एक पोरगी फोनवर म्हणाली, "उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला निघालेय." तिला म्हटलं, उतर बसमधून. फोटो, आधार आणि लेकराचा जन्मदाखला घे, आणि तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती आहे, तिथे जा. कुणी दाद दिली नाही तर १५१००ला फोन लाव.