भोक तेच, वाट उलटी

फायबर घ्यायचं ठरलं तेव्हा आईची अट एकच: लँडलाइनचा नंबर बदलायचा नाही. निम्म्या नातेवाइकांना तोच पाठ आहे. मी हो म्हणालो आणि कनेक्शन यायच्या आधीच दुकानातून राउटर आणून ठेवला. त्याच्या मागे फोनची पिन बसेल असं बारकं भोक होतं. म्हटलं, फोनचंही काम झालं.

जोडणीला आलेल्या पोराने खोका उलटा करून पाहिला. "काका, हा एडीएसएलचा. तांब्याच्या लाइनचा. यातून लाइन आत येते. आमच्या फायबरच्या डब्यालाही असंच भोक आहे, पण त्यातून फोनसाठी लाइन बाहेर जाते." दोन्हीकडे तीच आरजे-११ पिन! ओळखायचं कसं, तर भोकावर लिहिलेलं वाचायचं. माझ्या राउटरवर 'डीएसएल' होतं, त्याच्या डब्यावर 'टेल'. मी फक्त आकार बघितला होता.

त्याने हिरव्या टोकाची पिवळी वायर डब्यात खोचली, लाल दिवा विझला. "ही दुमडू नका, आत काच आहे." आईचा जुना फोन त्या 'टेल'मध्ये लावला आणि डायल टोन आला. तिचं बोलणं आता डेटा होऊन जातं, हे मी तिला सांगितलं नाही.

मागच्या खोलीत वायफाय पोचेना म्हणून दुसरा राउटर आणला. प्लॅन तीनशे एमबीपीएसचा, तिथे स्पीड चौऱ्याण्णव. आठवडाभर मी कंपनीच्या नावाने खडे फोडले. चूक माझीच होती: स्वस्तातल्या त्या राउटरचे पोर्ट शंभरचेच होते. गिगाबिटवाला आणून अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर लावला, तेव्हा सुटलो. पाच गिगाहर्ट्झ भिंतीपुढे नांगी टाकतं, म्हणून आईच्या मोबाइलला दोन पॉइंट चारच ठेवलं.

आणि मग एका रात्री वीज गेली. पूर्वी अंधारातही लँडलाइन वाजायची, कारण तिला एक्स्चेंजमधूनच अठ्ठेचाळीस व्होल्ट मिळायचे. आता डबा बंद की फोन बंद. आईने रिसीव्हर उचलला, कानाला लावला, माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅडॅप्टरवरचे बारीक आकडे चष्मा लावून वाचले आणि बारा व्होल्टचा छोटा यूपीएस आणला. तरी अजून वीज गेली की आई आधी रिसीव्हर कानाला लावून बघते, मग मेणबत्ती शोधते.