समासातील एक शब्द

दर चौथ्या रविवारी आमच्या घरी एक वही येते. काळ्या पुठ्ठ्याची, दुकानात हिशेबाला वापरतात तशी साधी. चार घरे तिची वाटेकरी आहेत. दोन हिंदू, दोन ख्रिस्ती. ज्याच्याकडे वही असेल त्याने बायबलाचा ठरलेला भाग वाचावा, मनात येईल ते प्रांजळपणे लिहावे, आणि मागच्या मजकुरास उत्तर द्यावेसे वाटल्यास ते समासात द्यावे, एवढाच या मंडळाचा नियम. त्यास नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणीही नाही.

हा नाद लागला तो फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’मुळे. इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यास आला, येथली भाषा शिकला आणि बायबलाची कथा त्याने जवळजवळ ११,००० मराठी ओव्यांत गुंफली. १६१६ साली रायतूर येथे तो ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. त्याच्या आरंभी एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्रीपुढे गाऱ्हाणे मांडतो: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे एखादे का देत नाही? धर्म बदलला तरी कानांना लागलेली ओवीची ओढ सुटली नव्हती, हे त्या एका प्रश्नावरून कळून येते. आम्ही मूळ ग्रंथाकडे वळलो ते या ओवीचे बोट धरूनच.

एके दिवशी सायंकाळची आरती आटोपून आम्ही देवळाच्या पायऱ्या उतरत होतो. आमच्या घराण्याचे स्नेही असलेल्या एका वृद्ध काकांनी आम्हांस थांबविले.

“अरे, ज्यांच्यामुळे आपला देव गाव सोडून आला, त्यांचे पुराण तू घरी बसून वाचतोस म्हणे?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. श्रीमंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळीस. १५६० साली भक्तांनी लिंग उचलून नदीपार, आदिलशाही मुलखात, प्रियोळास आणले. सासष्टीतील इतर दैवतांची गतही फारशी निराळी नव्हती. ही कथा आम्ही आजीच्या मांडीवर ऐकली आहे. ती विसरून ओव्यांचे माधुर्य चाखणे हा कृतघ्नपणा तर नव्हे?

योगायोग असा की, त्या आठवड्याचा पाठ होता स्तोत्रसंहितेतील १३७वे स्तोत्र. इ. स. पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या राजाने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त करून लोकांस बंदी करून नेले. परक्या नदीकाठी ते बसले आहेत, वीणा झाडांना टांगलेल्या आहेत, आणि जिंकणारे म्हणतात, गाणे म्हणा. परमुलखात देवाचे गाणे कसे म्हणावे? वाचता वाचता आमचे डोळे पाणावले. पण हे स्तोत्र तेथे संपत नाही. शेवटी शत्रूच्या तान्ह्या बालकांविषयी असे उद्गार येतात की अंगावर काटा उभा राहावा. भक्ताच्या तोंडी असा सूड! आणि तरीही त्या रात्री तो आम्हांस समजला. आम्ही वहीत लिहिले: “हे दुःख आम्ही ओळखतो. नदी ओलांडून गेलेले आम्ही आहोत. तुम्ही त्या वेळी दुसऱ्या काठावर होता.”

वही पुढे गेली आणि आम्हांस आपल्या शब्दांची लाज वाटू लागली. पण लिहिलेले खोटेही नव्हते. चार आठवडे जिवाची तगमग झाली.

वही परत आली तेव्हा त्या ओळीशेजारी, कुंकळ्ळीच्या ख्रिस्ती गावकर घराण्यातील आमच्या शिक्षकमित्राचे अक्षर होते. त्यांनी लिहिले होते: “१५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले. पुढे बोलणी करण्यास म्हणून बोलावून आमच्या गावकरांना असोळण्याच्या किल्ल्यात ठार करण्यात आले. ते माझे पूर्वज. देवी फातर्प्यास गेली, आम्ही मागे राहिलो. ज्या काठावर आपण मला उभे केलेत, तेथेही रडणारे होते. वरच्या वाक्यात ‘आम्ही’च्या जागी ‘आपण’ हवे.”

मारल्या गेलेल्या त्या पाच जणांचे देह मिळविण्याच्या कामी स्टीफन्सचाच हात होता. तेहतीस वर्षांनी त्याचे पुराण छापून झाले. हेही त्याच समासात टिपलेले होते, एका शब्दाचे भाष्य न करता.

ऐकणाऱ्याला वगळणारा ‘आम्ही’ आणि त्याला पोटात घेणारा ‘आपण’ हा भेद मराठीत लहान मूलही जाणते. आम्ही मात्र तो उतारवयात शिकलो. आमचा नेमाचा अभिषेक चुकलेला नाही, मित्राचा मिस्सही चुकलेला नाही. श्रद्धा जेथल्या तेथे आहेत; हात तेवढा लिहिताना थबकतो.

ते पान आम्ही काकांस वाचून दाखविले. फातर्प्याची देवी छत्रोत्सवात कुंकळ्ळीस येते तेव्हा बारा वांगडांच्या बारा छत्र्या निघतात, आणि ख्रिस्ती गावकरही त्यांत आपला मान राखतात. काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्या छत्र्या मी पाहिल्या आहेत.” आणि थोडे थांबून, “पण माझा प्रश्न उरतोच.”

तो उरतोच, हे आम्हांस मान्य आहे. काकांचा प्रश्न आम्ही वहीच्या पहिल्या पानावर उतरून ठेवला आहे. येत्या रविवारी वही पुढच्या घरी जाईल. त्याचे उत्तर आम्ही लिहावयाचे नाही. आपण लिहावयाचे आहे.