खाऱ्या पाण्याचें विरजण

घरांत गोड्या पाण्याचे मासे पाळणें ही गोष्ट आतां नवलाची राहिलेली नाहीं. एक कांचेची पेटी, चार रंगीत मासे आणि दुकानांतून आणलेली कोरड्या खाद्याची डबी, एवढ्यावर तो संसार सुखानें चालतो. खाऱ्या पाण्याची तऱ्हा निराळी आहे. समुद्रांतील पुष्कळ माशांचीं पिलें निर्जीव अन्नाकडे ढुंकूनही पाहत नाहींत. त्यांचें अन्न हललें पाहिजे, पोहलें पाहिजे, आणि शिवाय सुईच्या अग्राएवढ्या त्यांच्या मुखांत मावलें पाहिजे. तेव्हां ज्यांस असे मासे घरीं वाढवावयाचे असतील त्यांना माशांच्या आधीं माशांचें अन्न वाढवावें लागतें, आणि त्या अन्नाच्याही आधीं अन्नाचें अन्न. हा तिहेरी प्रपंच आमच्या घरीं गेलीं तीन वर्षें चालू आहे. मासे आमच्या थोरल्या बंधूंच्या नातवाचे. बरण्या मात्र आमच्या. निवृत्त शिक्षकाजवळ वेळेवांचून दुसरें कांहीं नसतें, असा घरांतील तरुण मंडळींचा दृढ समज आहे.

पाण्यांत तरंगत राहणाऱ्या ह्या सूक्ष्म जीवांस इंग्रजींत प्लँक्टन म्हणतात. १८८७ सालीं व्हिक्टर हेन्सेन ह्या जर्मन शास्त्रज्ञानें हा शब्द ग्रीक भाषेवरून घेतला. मूळ अर्थ भटकणारा. आपल्याकडे 'प्लु' धातूपासून 'प्लवक' शब्द बनविला आहे, तो आम्हांस अधिक समर्पक वाटतो. भटकणाऱ्याला निदान स्वतःची मर्जी तरी असते. प्लवक बिचारा पाणी नेईल तिकडे जातो. वनस्पतिप्लवक उन्हावर जगतो, प्राणिप्लवक त्या वनस्पतीवर जगतो, आणि समुद्रांतील बहुतेक सारा मत्स्यसंसार ह्या दोघांच्या आधारानें उभा आहे.

कोनहून समुद्र दिसत नाहीं. आमचें गांव पनवेलच्या पुढें, पुण्याच्या वाटेवर. बाहेरच्या लोकांना तें आतां ठाऊक आहे तें द्रुतगती मार्गामुळें, नाहीं तर गिरणी कामगारांसाठीं बांधलेल्या उंच इमारतींमुळें. परंतु हा सगळा मुलूख मूळचा खाडीचा आणि मिठाचा. आगरी समाजाचें नांवच मुळीं आगरावरून पडलें आहे. उरण-पेणच्या बाजूस उन्हाळ्यांत मिठागरांच्या कडेनें गेलें असतां दाट झालेल्या पाण्यावर कधीं कधीं तांबूस झांक दिसते. ती मुख्यत्वें खारटपणांत वाढणाऱ्या शैवालाची व जिवाणूंची. अशाच पाण्यांत राहणारा, बोटाच्या पेरापेक्षांही आंखूड, कोळंबीच्या दूरच्या नात्यांतला एक जीव म्हणजे आर्टिमिया. मुंबईस वडाळ्याच्या ज्या मिठागरांवर १९३० सालीं सत्याग्रह्यांच्या तुकड्या चालून गेल्या, तेथेंच हा जीव असल्याची नोंद १९५३ सालीं प्रसिद्ध झाली. मिठाच्या सत्याग्रहाचा धडा आम्हीं मुलांना कित्येक वर्षें शिकविला. त्या पाण्यांत वस्ती कोणाची, हें पुस्तकांत कोठें नव्हतें.

आपल्या शास्त्रकारांनीं प्राण्यांचे जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज असे चार भेद केले. आर्टिमियाला ह्यांतील कोणत्या पंक्तीस बसवावें हा प्रश्नच आहे. पाणी मानवत आहे तोंवर ह्याची मादी जिवंत पिलें सोडते. पाणी आटून खारटपणा असह्य होऊं लागला कीं तीच मादी टणक कवचाचीं अंडीं घालूं लागते. हीं अंडीं वाळून तपकिरी धुळीसारखीं होतात आणि कोरडीं ठेवल्यास कित्येक वर्षें तशींच राहतात. आंतील गर्भाचा सारा व्यवहार जवळजवळ थांबलेला असतो. खारें पाणी मिळालें कीं एका दिवसांत पिलूं बाहेर! त्यांतून आपल्याकडील मिठागरांतल्या जातींत बहुधा नर आढळत नाहीं. माद्याच माद्यांना जन्म देतात. 'अंडज' शब्दाचा विग्रह शिकविण्याच्या तासाला हा जीव हाताशीं असता तर तास चांगला रंगला असता.

ह्या अंड्यांचा व्यापार जगभर चालतो, आणि त्यांतील फार मोठा वांटा अमेरिकेंतील ग्रेट सॉल्ट लेक ह्या सरोवराचा आहे. माशांच्या पिलांना हें अन्न उत्तम चालतें असें अमेरिकेंत सील ह्यानें १९३३ त व नॉर्वेमध्यें रोलेफ्सेन ह्यानें १९३९ त दाखविलें. कृति सोपी आहे. बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगावी; एक लिटर पाण्यांत ३० ते ३५ ग्रॅम मीठ, वर दिवा, आणि तळापर्यंत हवेची नळी. पाण्याची उष्णता २६ ते २८ अंश असावी. एका ग्रॅममध्यें दोन लक्षांहून अधिक अंडीं असतात, म्हणून हात आंखडता ठेवावा. सुमारें चोवीस तासांनीं हवा बंद केली कीं रिकामीं कवचें वर तरंगतात आणि नारिंगी पिलें खालीं, उजेडाच्या बाजूला गोळा होतात. तीं तळाकडून काढून घ्यावींत, कवचें येऊं देऊं नयेत. माशांच्या पिलांच्या आंतड्यांत तीं अडकतात. आणि काढल्यावर लगोलग घालावींत. ह्या पिलांजवळ जन्मतः शिदोरी बांधलेली असते. ती कांहीं तासांतच संपते, आणि मग त्यांच्या अंगांत खाणाऱ्याला देण्यासारखें फारसें उरत नाहीं.

परंतु आमच्या नातवानें पाळले विदूषक मासे, आणि त्यांच्या नवजात पिलांना हें अर्ध्या मिलिमीटरचें आर्टिमियाही मोठें पडतें. संस्कृत नाटकांतला विदूषक हा खादाड ब्राह्मण. मोदक म्हटलें कीं त्याच्या जिभेला पाणी सुटतें. त्याच्या नांवाचा हा मासा मात्र बाळपणीं इतका चोखंदळ, कीं पहिला आठवडाभर त्याला रोटिफर लागतो. रोटिफर म्हणजे एक ते तीन दशांश मिलिमीटरचा जीव. तोंडाभोंवतीं केसांचें चक्र फिरवून पाण्यांतील शैवाल आंत ओढणारा. जपानांत ईल माशांच्या तळ्यांत तो फार माजला कीं पाणी बिघडे, म्हणून लोक त्याला उपद्रव समजत. ताकाशी इतो ह्या संशोधकानें १९६० सालीं तोच उपद्रव पिलांच्या पंक्तीला वाढला, आणि पुढें जगभरच्या समुद्री मत्स्यबीज केंद्रांचें काम त्यावर चालूं लागलें.

रोटिफरला हवें हिरवें शैवाल. आम्ही नॅनोक्लोरोप्सिस जातीचें वाढवितों. कण दोन ते चार मायक्रॉनचा, डोळ्यांना दिसतो तो केवळ रंग. उकळून निववलेलें खारें पाणी, त्यांत नत्र, स्फुरद, लोह व चिमूटभर जीवनसत्त्वें असलेलें खत, दिव्याचा उजेड आणि हवेचे बुडबुडे. आठवड्याभरांत बरणी पालकाच्या रसासारखी होते. यीस्टवरही रोटिफर वाढतात व खर्च वांचतो. पण माशाच्या पिलाला जे स्निग्धाम्ल अवश्य लागतात ते यीस्टमध्यें नाहींत. ज्यानें अन्नाच्या अन्नांत काटकसर केली त्याचीं पिलें मोठीं होत नाहींत, हा ह्या धंद्यांतील पक्का हिशेब आहे. पाणी मात्र आम्ही खाडीचें घेत नाहीं; पावसाळ्यांत तें गोडसर होतें आणि बारमास त्यांत कारखान्यांचें काय काय असेल सांगवत नाहीं. गाळलेल्या पाण्यांत विकतचें समुद्री मीठ मिसळतों.

आतां वहिनींविषयीं सांगावयास हवें. थोरल्या वहिनी आमच्या घरांतील वडीलधाऱ्या. गॅलरींत हिरव्या व तपकिरी बरण्यांची रांग लागली तेव्हां त्यांनीं आम्हांला बोलावून विचारलें, "भाऊजी, ह्या घरांत अंडें कधीं आलें नाहीं. चातुर्मासांत आपण कांदालसूण टाकतों. आणि आतां लक्षावधि जीव वाढवायचे, ते दुसऱ्याच्या तोंडीं द्यायला?" नातू म्हणाला, "आजी, दह्यांतही लक्षावधि जीव असतातच कीं." वहिनी म्हणाल्या, "दह्याला डोळे नसतात." त्याच वेळीं आम्ही त्यांना भिंगांतून रोटिफर दाखवीत होतों, आणि दुर्दैवानें रोटिफरला एक लाल नेत्रबिंदु असतो. आर्टिमियाच्या पिलालाही डोळा एकच, पण ठसठशीत.

आम्हीं आपली बाजू मांडली. दुकानांतील समुद्री मासा दोनच ठिकाणांहून येतो, एक तर प्रवाळांतून पकडून, नाहीं तर टाकींत जन्मून. पकडण्यासाठीं फिलिपाईन्समध्यें १९६० नंतरच्या दशकांत सायनाइड फवारूं लागले. मासा गुंगतो, पण आजूबाजूचें प्रवाळ मरतें आणि तो मासाही पुष्कळदां फार दिवस जगत नाहीं. टाकींत जन्मलेला मासा मिळावयाचा तर कोणी तरी, कोठें तरी, ह्या बरण्या राखल्याच पाहिजेत. ऐरोलीस कांदळवन प्रतिष्ठानानें विदूषक माशांची पैदास हातीं घेतली तीही ह्याच पायावर. वहिनींनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "मग मासेच कशाला?" ह्या प्रश्नाला आमच्याजवळ तेव्हां उत्तर नव्हतें, आजही जें आहे तें वहिनींपुढें मांडण्याजोगें नाहीं.

तरीही बरण्यांना पहिला खरा नियम घालून दिला तो त्यांनींच. दुसऱ्याच महिन्यांत त्या म्हणाल्या, "सगळें एका भांड्यांत काय ठेवतां? विरजण नेहमीं वेगळें काढावें, आणि तें दुसऱ्या खोलींत असावें." तेव्हांपासून एक लिटरची एक बरणी माजघरांत, गार कोपऱ्यांत राहूं लागली. तिला रोज थोडें शैवाल घालावयाचें, चौथाई पाणी बदलावयाचें, बाकी हात लावावयाचा नाहीं.

गेल्या वर्षीं वैशाखांत विदूषकांच्या जोडीनें कुंडीच्या खापरावर अंडीं घातलीं. नर त्यांवर पंख हालवून पाणी खेळतें ठेवतो. एरव्हीं भांडकुदळ असलेला हा प्राणी त्या आठ दिवसांत जागचा हलत नाहीं. सहाव्या दिवशीं सकाळीं दहाला गेलेली वीज दिवेलागणीला आली. मोठ्या टाकीला बॅटरीचा पंप होता, गॅलरींतील बरण्यांना नव्हता. उन्हानें पाणी तापलें, हवा नाहीं. सायंकाळीं मोठ्या बरणींतील पाणी गढूळ होऊन त्याला वास येऊं लागला होता. भिंगाखालीं एकही रोटिफर हलत नव्हता. पिलें बाहेर पडावयास दोन रात्री उरल्या होत्या, आणि अशा पिलांना उजाडल्यावर अन्न मिळालें नाहीं तर तीं एकदोन दिवसांत संपतात.

मग गणित मांडलें. पिलांची टाकी वीस लिटरची. मिलिलिटरला दहा रोटिफर ह्या हिशेबानें दोन लक्ष लागणार. माजघरांतील बरणींत मिलिलिटरला शंभराच्या आसपास, म्हणजे एक लक्ष. चांगलें खाऊं घातलें तर रोटिफर दिवसांत दुप्पट होतात. आम्हीं त्या बरणीचें पाणी तीन भांड्यांत वांटलें, एक भांडें पुन्हां विरजण म्हणून बाजूस ठेवलें, आणि शीतकपाटांतील सर्व शैवाल उरलेल्या दोहोंना आलटून पालटून घातलें. आठव्या रात्रीं दिवे मालवल्यावर तासाभरानें टाकींत चांदीच्या बारीक सुया पोहतांना दिसल्या. दोनशांच्या आसपास असाव्यात. सकाळीं ५३ मायक्रॉनच्या जाळींतून रोटिफर गाळून त्यांत सोडले.

बाराव्या दिवशीं पहिल्या पिलाच्या अंगावर पांढरा पट्टा उमटला. महिन्यानें मोजलीं तीं एकतीस भरलीं. नातू खूष होता. पहिल्या खेपेस एकही न राहणें हें ह्या छंदांत सामान्य आहे. वहिनींनीं आंकडा ऐकला, जरा वेळ टाकीजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सासूबाईंचीं नवांतलीं चार राहिलीं." त्या सासूबाई म्हणजे आमच्या मातोश्री. त्या चारांतील एक आम्ही, एक थोरले बंधु. ह्या संख्यांविषयीं आमच्या घरांत ह्यापूर्वीं कधीं बोलणें झालेलें आठवत नाहीं, आणि त्या दिवशींही पुढें झालें नाहीं.

येत्या मार्गशीर्षांत पुण्यास मंगलकार्य आहे आणि घरांतील झाडून सर्व मंडळी चार दिवस जाणार आहेत. रोटिफर गाळून, दाट करून, थोड्या शैवालासह शीतकपाटांत ठेवले तर तितके दिवस टिकतात. गारव्यांत त्यांची भूक मंदावते. अडचण होती शीतकपाटाची. त्याचा वरचा कप्पा देवाच्या दुधाचा, मधला विरजणाचा व लोण्याचा. परवां वहिनींनीं सर्वांत खालचा कप्पा रिकामा करून पुसून घेतला, भाजीची टोपली बाहेर काढली, आणि नातवाला बजावलें कीं बरणीवर नांव मोठ्या अक्षरांत लिहावें, नाहीं तर कोणी तरी ताक समजून प्यायचें.